तिकटीपर्यंत: ईडिपसच्या मागावर सहा दिवस

कॉलेजात असताना आम्ही पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेलं ‘राजा ओयदिपौस’ बसवलं होतं, म्हणजे सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराचं ईडिपस राजावरचं नाटक. मी वृंदात होते. थीब्ज नगरीचा म्हातारा नागरिक, हनुवटीला कापसाची दाढी, आणि संवाद म्हणजे सहा जणींनी एका सुरात म्हणायचं तेवढंच. दाढीचा कापूस तोंडात जायचा, हे सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. तरी ते नाटक डोक्यातून गेलं नाही. चाळीस वर्षांनी निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरवलं, ईडिपसच्याच वाटेनं जायचं. कॉरिंथ, डेल्फी, तो तीन रस्त्यांचा फाटा, थीब्ज आणि शेवटी कोलोनस. नकाशा उघडून बघितला तर सगळं इतकं जवळजवळ, की सांगलीहून पुण्याला जाऊन परत यावं तेवढ्या अंतरात या माणसाचं अख्खं आयुष्य बसतं.

“स्वतःचे डोळे फोडून घेणाऱ्या माणसामागं मी काही येत नाही,” असं म्हणून आमच्या ह्यांनी अंग काढून घेतलं. तयार झाली ती माझी धाकटी नणंद, शुभा. शुभा पत्रिका बघते. पैसे घेत नाही, म्हणून गिऱ्हाईक फार. तिच्या सामानात गुडघ्यासाठी काठी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि खिशात मावेल असं पंचांग होतं. निघायची वेळसुद्धा तिनंच काढून दिली. विमान कंपनीनं ती पाळली, हा योगायोग.

दिवस पहिला: अथेन्स

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुपारी अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससच्या नाट्यगृहात गेलो. गर्दी सगळी वर पार्थेनॉनकडे पळत होती. खाली आम्ही दोघी, एक रखवालदार आणि उन्हाला पडलेली दोन मांजरं.

आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून गावाला नाट्यपंढरी म्हणवून घ्यायची खोड आहे. इथल्या पायऱ्यांवर बसल्यावर ती जरा उतरली. पहिल्या रांगेत संगमरवरी खुर्च्या आहेत, आणि मधली नक्षीची खुर्ची डायोनिससच्या पुजाऱ्याची.

“आपल्याकडं तिथं आमदार बसतात,” शुभा म्हणाली.

सोफोक्लीसच्या काळात हे दगड नव्हते. लोक उतारावर लाकडी बाकांवर बसायचे. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये भयंकर साथ पसरली, आणि ‘ईडिपस’ त्याच सुमाराचं मानतात. नाटक सुरू होतं तेच मुळी साथीनं. थीब्जमध्ये माणसं मरतायत, बायकांची बाळंतपणं निभत नाहीत, लोक राजाच्या दारात येऊन बसलेत. समोरच्या बाकांवरच्या कितीजणांनी नुकतीच घरातली माणसं पोचवली असतील! गंमत म्हणजे या नाटकाला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं नाही. ते मिळालं नाटककार एस्किलसच्या भाच्याला, फिलोक्लीसला. त्याचं एकही नाटक आज धड शिल्लक नाही. राज्य नाट्यस्पर्धेत दुसरा नंबर आलेल्यांनी हे लिहून ठेवावं.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: अक्रोपोलिसचं तिकीट वेळ ठरवून घ्यावं लागतं. मोठ्या प्रवेशद्वाराऐवजी संग्रहालयाच्या बाजूच्या खालच्या दारानं आत गेलात तर रांग कमी आणि हे नाट्यगृह आधी लागतं. वर चढून दमल्यावर इकडे कोणी येत नाही.

दिवस दुसरा: कॉरिंथ

अथेन्सहून उपनगरी गाडीनं सव्वा-दीड तासात नवं कॉरिंथ. जुनं गाव तिथून सहा-सात किलोमीटर, टॅक्सीनं गेलो. अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत, एकेक खांब एकसंध दगडाचा. मागे अक्रोकॉरिंथचा डोंगर. सज्जनगडाची आठवण झाली, फक्त पायथ्याशी ऊस नाही, द्राक्षं. काळ्या बारीक मनुका इथल्याच, इंग्रजीत त्यांना ‘करंट’ म्हणतात ते या गावाच्या नावावरूनच. शुभानं दोन तोंडात टाकल्या, विचार केला, आणि निकाल दिला: “तासगावचा बेदाणा बरा.”

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. थीब्जच्या राजाला, लायसला, देववाणी होते की पोटचा मुलगा तुला मारेल. मुलगा होतो. त्याच्या घोट्यांना भोकं पाडून, पाय जखडून, मेंढक्याच्या हाती त्याला डोंगरात टाकायला दिलं जातं. मेंढक्याला दया येते, तो पोर दुसऱ्या मेंढक्याला देतो, आणि ते पोचतं कॉरिंथच्या निपुत्रिक राजाराणीकडं. सुजलेल्या पायांचा म्हणून ईडिपस. मोठा झाल्यावर मेजवानीत एक झिंगलेला माणूस त्याला म्हणतो, तू यांचा मुलगाच नाहीस. हा अस्वस्थ होतो आणि डेल्फीला अपोलो देवाला कौल विचारायला जातो.

त्या सात खांबांच्या सावलीत बसून शुभानं हे शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे मेंढक्याला दया आली म्हणून झालं हे सगळं,” ती म्हणाली. “तो दगडाच्या काळजाचा असता तर भविष्य खोटं पडलं असतं.”

मी चाळीस वर्षं हे नाटक डोक्यात घेऊन फिरते, पण मेंढक्याकडं या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. नाटकात पुढंही हेच होतं. कॉरिंथहून निरोप्या येतो तो चांगली बातमी घेऊन: म्हातारा राजा अंथरुणातच वारला, आता बापाला मारायची भीती कशाला? आणि आईचीही भीती नको, कारण ते तुझे खरे आईबाप नव्हतेच, मीच तुला त्यांच्या हातात दिलं. बिचारा बक्षिसाच्या आशेनं सांगतो. जो कोणी धीर द्यायला येतो, तो फासाची गाठ आणखी एक वेढा आवळून जातो.

“परीक्षिताचं तेच,” शुभा म्हणाली. “एका खांबावरचा महाल बांधला, मुंगीला शिरकाव नाही. तक्षक फळातली अळी होऊन आला.”

जेवणाचा प्रसंग सांगितलाच पाहिजे. शुभा शाकाहारी. कुणीतरी सांगितलं होतं की ग्रीसमध्ये ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं मागा, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. तिनं मोठ्या विश्वासानं मागितलं. ताटात आला विस्तवावर भाजलेला ऑक्टोपस. त्यांच्या उपासाला शिंपल्यातले, आठ पायांचे असले जीव चालतात! शुभा त्या पायांकडं आणि ते पाय शुभाकडं बराच वेळ बघत राहिले. वाढणाऱ्या मुलाला भाषा कळेना, पण चेहरा कळला. त्यानं ताट उचललं आणि टोमॅटोच्या रश्शातल्या मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या, नव्हे त्याच्या तिप्पट, घेवड्याच्या बिया आणल्या. ‘यिगांदेस’ म्हणतात त्यांना. पुढचे चार दिवस आम्ही त्यावर आणि ‘होर्ता’ या उकडून तेल-लिंबू घातलेल्या रानभाजीवर मजेत काढले. तेव्हा ‘निस्तीसिमो’ मागा, पण समुद्रातलंही नको हे हातवारे करून सांगा.

दिवस तिसरा: ढगात डेल्फी

अथेन्सहून बसनं तीन तास. बस थीब्ज, लिवादिया करत जाते, म्हणजे ईडिपस जिकडून आला त्याच्या उलट्या दिशेनं. बस टर्मिनलला सामान घेऊन जायचं तर टॅक्सीच बरी. अराखोवाच्या पुढं पाऊस लागला आणि डेल्फी गाव आलं तेव्हा दरी, ऑलिव्हचं रान, खालचं आखात, सगळं ढगात गडप. आंबोलीच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही. शुभाच्या गुडघ्याला मात्र वाटतं.

घरमालकीण साठीची. तरुणपणी जर्मनीत कारखान्यात होती, त्यामुळे तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही सारखंच अडखळत चालायचं. तिनं डोंगरावरच्या औषधी पाल्याचा चहा केला. कशाला आलात विचारलं. मी म्हटलं, ईडिपस. तिला कळेना. मग “आ, ओ इदीपोदस!” म्हणून ती हसली. आणि मग हाताची तीन बोटं वर करून म्हणाली, “मीरा.”

आम्हाला वाटलं, मुलीचं नाव. शुभाच्या भाचेसुनेचं नावही मीराच. पण नाही. पुस्तकात आपण ‘मोइरा’ वाचतो, ती नियती, ती आजच्या ग्रीक तोंडात ‘मीरा’ होते. तीन मीरा. बाळ जन्मलं की तिसऱ्या रात्री येतात आणि त्याचं पुढचं सगळं ठरवून जातात. तिच्या आजीच्या काळी त्या रात्री घर झाडून, पाळण्याशेजारी मध, बदाम, पाव मांडून ठेवत. कुत्रं बांधून ठेवायचं, दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही.

शुभा ताडकन उठून बसली. “वहिनी, सटवाई!” मग आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. आमच्याकडं पाचवीला पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. घरमालकिणीला कोऱ्या कागदाचं फार आवडलं. “आमच्या नुसत्या बोलतात,” ती म्हणाली. “लिहून देत नाहीत. म्हणून आमच्याकडं एवढा गोंधळ.”

दिवस चौथा: देवाच्या दारात, एक तास आधी

सकाळी धावतपळत अवशेषांच्या फाटकाशी पोचलो तर कुलूप. रखवालदार मनगटावर बोट ठेवून हसत होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागं जातात. शुभाचं घड्याळ हाताला बांधलेलं जुनं, चावीचं. माझा फोन खोलीत चार्जिंगला. मुहूर्ताच्या आधी पोचायची शुभाची ही पहिलीच वेळ. पण त्या एका तासात ढग फाटले. मागच्या दोन उभ्या कड्यांवर ऊन आलं, आणि खाली समुद्रापर्यंत पसरलेलं ऑलिव्हचं रान चांदीसारखं हललं.

या अवशेषांवर पूर्वी कास्त्री नावाचं गाव होतं. फ्रेंचांनी १८९२ मध्ये खोदकाम सुरू केलं त्यासाठी अख्खं गाव उचलून पलीकडं बसवलं. धरणग्रस्त आपल्याकडं असतात, इथं देवग्रस्त. अपोलोच्या देवळाचे सहा खांब पुन्हा उभे केलेत. आत पिथिया ही पुजारीण तिवईवर बसून देवाची वाणी बोलायची, महिन्यातल्या एका ठराविक दिवशी, आणि हिवाळ्याचे तीन महिने देव सुट्टीवर. देवळाच्या दर्शनी भागात वचनं कोरलेली होती. ‘स्वतःला ओळख’ सगळ्यांना ठाऊक असतं. ‘कशाचाही अतिरेक नको’ हेही. तिसरं कोणी सांगत नाही: जामीन राहशील तर बुडशील. हे वाचून आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. आमच्या भागातल्या प्रत्येक पतसंस्थेत ही पाटी लावायला हवी.

डेल्फीची उत्तरं दुअर्थी असत असं म्हणतात. क्रीसस राजाला सांगितलं, नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य बुडेल. त्यानं ओलांडली, बुडालं ते त्याचंच. ही गोष्ट सांगून मार्गदर्शक टाळ्या घेतात. पण ईडिपसचं तसं नाही, आणि मला हेच कायम टोचत आलंय. त्याला मिळालेल्या उत्तरात दुसरा अर्थ नव्हताच. त्यानं विचारलं, माझे आईबाप कोण? देवानं त्या प्रश्नाला हातच लावला नाही. वेगळंच सांगितलं: तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. विचारलं एक, उत्तर दुसऱ्याचंच. आणि तो ज्यांना आईबाप समजत होता त्यांना वाचवायचं म्हणून कॉरिंथकडं पाठ फिरवून चालू लागला. भल्या माणसानं जे करायला हवं तेच.

“प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर उठायचं नाही, पुन्हा विचारायचं,” शुभा म्हणाली. “माझ्याकडं येतात ना लोक, मुलाच्या नोकरीचं विचारायला. मला पत्रिकेत दिसतं भलतंच. मी फक्त नोकरीचं सांगते.”

“आणि भलतं दिसलेलं?”

ती काठीनं पायरीवरची मुंगी वळवत बसली.

संग्रहालयात नाक्सोसच्या लोकांनी वाहिलेली स्फिंक्स आहे. सिंहाचं अंग, पंख, बाईचा चेहरा, ओठांवर हसू. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन, ते काय? स्फिंक्सनं घातलेलं आणि ईडिपसनं ‘माणूस’ म्हणून सोडवलेलं हे कोडं सगळ्यांना पाठ असतं, पण सोफोक्लीसच्या नाटकात ते शब्दात कुठंच येत नाही. शुभा तिच्यासमोर काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “मी उत्तर आलेय म्हणावं.”

शेवटच्या दालनात ब्राँझचा सारथी. १८९६ मध्ये सापडला. घोडे गेले, रथ गेला, एक हात गेला, उरलेल्या हातात लगामाचे तुकडे. डोळे जडवलेले आणि पापण्यांना तांब्याचे केस, एकेक सुटा. वाकून बघा. तिथं मी अर्धा तास उभी होते.

सूचना: वरच्या स्टेडियमपर्यंत चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी नाट्यगृहापाशी थांबावं. तिथूनच सगळ्यात चांगलं दिसतं. पाणी बरोबर ठेवा आणि ऑक्टोबरअखेर गेलात तर घड्याळाचं लक्षात असू द्या.

दिवस पाचवा: तिकटी

२८ ऑक्टोबर. ग्रीसचा ‘नाही’चा दिवस. १९४० मध्ये मुसोलिनीनं वाट मागितली आणि यांनी नाही म्हटलं, त्याचा उत्सव. सरकारी अवशेषांना या दिवशी तिकीट नसतं, पण रस्ते अडतात हे कोणी सांगितलं नव्हतं. टॅक्सी अराखोवात शिरली आणि थांबली. गावाच्या एकुलत्या एक अरुंद रस्त्यावर शाळेच्या मुलांचं संचलन. पांढरे घोळदार झगे घातलेली पोरं, ढोल, निळेपांढरे झेंडे, आणि कडेला आपापलं पोर शोधणाऱ्या आया. आपल्या पंधरा ऑगस्टचाच गोंधळ. एका आजीनं शुभाला खुर्ची दिली आणि विस्तवावर परतलेल्या इथल्या ‘फोरमाएला’ चीजची फोड हातात ठेवली. बाहेर करकरीत, आत रबरासारखं आणि खारट. शुभानं दोन फोडी मागून घेतल्या. तिथंच पर्नासस डोंगरावरच्या मधाची बाटली घेतली. सव्वा तास गेला, आणि या सहलीतला तोच सगळ्यात चांगला सव्वा तास.

डेल्फीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर चालकानं गाडी कडेला घेतली. “स्खिस्ती,” तो म्हणाला. फाटलेली वाट. स्थानिक लोक या फाट्याला मेगासच्या नावानं ओळखतात; १८५६ मध्ये दरोडेखोरांशी लढताना मेलेला अधिकारी तो.

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. कोल्हापुरात तर ‘पापाची तिकटी’ नावाचा चौकच आहे. नाव कशावरूनही पडलं असो, या जागेला ते द्यायला हरकत नाही. आम्ही आलो तो डेल्फीचा रस्ता. डावीकडं दाव्लियाकडं जाणारा. पुढं लिवादिया आणि थीब्ज. आजचा डांबरी रस्ता वरून जातो, जुनी पायवाट खालच्या खोलगटात होती. दगड, काटेरी झुडपं, कुठून तरी मेंढ्यांच्या घंटा. दुसऱ्या शतकात पौसानियस नावाचा प्रवासी इथं आला तेव्हा लायस आणि त्याच्या चाकराच्या थडग्यावर रचलेल्या ओबडधोबड दगडांची रास त्यानं बघितली होती. आता ओळखू येईल असं काही नाही. मला तेच बरं वाटलं.

झालं ते काय? वाट कोणी सोडायची यावरून भांडण. समोरून गाडी, गाडीत म्हातारा, बरोबर चार माणसं. गाडीवानानं याला कडेला ढकललं, यानं त्याला मारलं, म्हाताऱ्यानं जनावरं हाकायची टोचणी याच्या डोक्यात घातली, आणि यानं सगळ्यांना लोळवलं. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे सगळ्यांना, एक पळाला. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अंकलीच्या पुलाच्या अलीकडं रोज एवढ्याच कारणावरून माणसं गाडीतून उतरतात. बापापासून पळणारा मुलगा आणि मुलाच्या भीतीनं जगलेला बाप एका अरुंद रस्त्यात समोरासमोर आले आणि दोघांपैकी कोणी मागं सरेना.

आणि नाटकात ही जागा येते कशी, तर दिलाशातून. योकास्टा, लायसची राणी आणि आता ईडिपसची बायको, नवऱ्याला समजावते, देववाणीवर कसला विश्वास ठेवता? माझ्या पहिल्या नवऱ्याला मुलाच्या हातून मरण सांगितलं होतं, आणि त्याला मारलं परक्या दरोडेखोरांनी, तीन वाटा मिळतात तिथं. भविष्य खोटं असतं हे पटवायला निघाली बाई! ईडिपसचं पुढं काही ऐकणं होत नाही. ‘तीन वाटा’ एवढेच शब्द त्याच्या कानात राहतात. आम्ही हा प्रवेश बसवायचो तेव्हा योकास्टा करणारी मुलगी हे वाक्य रडत म्हणायची. चूक. ते हसत म्हणायचं असतं.

मी हे सगळं शुभाला हातवारे करून सांगत होते. ती दगडावर बसली होती.

“बाबांनी माझी तीन स्थळं मोडली,” ती म्हणाली. “वैधव्ययोग होता ना माझ्या पत्रिकेत. मग आयुष्य भक्कम असलेला मुलगा शोधला. अठ्ठावीस गुण जुळले.”

मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. भाऊजी पंचेचाळिसाव्या वर्षी, रात्री जेवून उठताना गेले.

“त्या तिघांचं काय झालं?” मी विचारलं.

“दोघं आहेत की. एक रोज आमराईत फिरायला येतो. टुकटुकीत आहे अगदी.” ती काठीवर भार देऊन उठली. “चला वहिनी, मीटर चालू असेल त्याचं.”

चालकानं उजवीकडं वळून डिस्टोमो दाखवू का विचारलं. १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस सैनिकांनी या गावातली २१८ माणसं मारली. तान्ही बाळंसुद्धा. टेकडीवर स्मारक आहे, संगमरवरावर नावं. आडनावं तीच तीच पुन्हा येत राहतात, घरंच्या घरं. वर चढताना शुभा काहीतरी “नशीब” असं पुटपुटली, नावं वाचली, आणि तो शब्द तिनं त्या दिवसात पुन्हा काढला नाही. चालकानं परतताना रेडिओ लावला नाही.

लिवादियात उशिरा जेवलो. इथलं सळईवर भाजलेलं मांस सगळ्या मुलखात नावाजलेलं, म्हणून शुभाच्या वाट्याला तळलेले बटाटे. गावातच खळाळणारे झरे आहेत, जुनी गिरणी आहे. इथं ट्रोफोनियसची देववाणी होती. विचारायला येणाऱ्यानं आधी विस्मरणाचं पाणी प्यायचं, मग स्मरणाचं, आणि बिळात पाय आधी घालून आत सरकायचं. बाहेर आलेला माणूस काही काळ हसायचं विसरलेला असे. मी झऱ्याचं पाणी प्यायले. दोन्हींतलं कोणतं ते कळलं नाही. चष्मा मात्र तिथंच विसरून आले, वाटेतून परत जावं लागलं.

दिवस सहावा: थीवा आणि कोलोनस

थीब्जला आता थीवा म्हणतात. संग्रहालय चांगलं आहे असं ऐकून होतो. दारात गेलो तर त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. चूक आमचीच, वार बघितला नव्हता. “मंगळवार,” शुभा म्हणाली. “मंगळ आडवा आला.” ग्रीक लोकही मंगळवार अशुभ मानतात, कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये मंगळवारी पडलं म्हणून. तुम्ही जाल तेव्हा वार तपासा.

सात दरवाज्यांच्या नगरीचं फारसं काही उरलेलं नाही. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरनं शहर जमीनदोस्त केलं, पिंडार कवीचं घर तेवढं सोडलं. एका दरवाज्याच्या दोन गोल बुरुजांचे पाये रस्त्यालगत दिसतात, जुना राजवाडा आजच्या घरांच्या पोटात आहे. दक्षिणेला किथेरॉनचा डोंगर. त्याच्यावर ते पोर टाकायला नेलं होतं. राजवाड्याच्या खिडकीतून रोज दिसत असणार! योकास्टानं केस विंचरताना रोज तो डोंगर बघितला असणार, असं माझ्या मनात आलं आणि मग ते जाईना.

ईडिपसचा झरा वस्तीत आहे. बापाचं रक्त त्यानं इथं धुतलं, असं पौसानियसनं लिहून ठेवलंय. आम्ही गेलो तेव्हा एक माणूस शेजारी मोटार धूत होता.

तिथं कठड्यावर बसून मला आमचा, म्हणजे वृंदाचा, एक प्रश्न आठवला. डोळे फोडून तो बाहेर येतो तेव्हा आम्ही सहा दाढीवाल्या विचारायचो, कोणत्या देवानं तुझ्याकडून हे करवलं? तो म्हणतो, अपोलोनं हे सगळं माझ्यावर आणलं. पण घाव घालणारा हात माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही. लोक या नाटकाला नियतीचं नाटक म्हणतात, ते मला कधीच पुरतं पटलेलं नाही. नियतीचा भाग पडदा उघडायच्या कितीतरी आधी उरकलेला असतो. रंगमंचावर दिसतो तो विचारत सुटलेला माणूस. आंधळा द्रष्टा टायरेसियस सांगतो, थांब. योकास्टा पाया पडते, थांब. म्हातारा मेंढका गयावया करतो. हा थांबत नाही. त्यानं विचारायचं सोडलं असतं तर? साथ चालू राहिली असती, एवढंच.

दुपारच्या गाडीनं तासाभरात अथेन्स. कोलोनस मोठ्या स्टेशनपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे, तरी पर्यटक जात नाहीत. सोफोक्लीस जन्मला ते गाव आता साध्या, दाट वस्तीचा भाग आहे. चौथ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी, दुचाकी दुरुस्तीची दुकानं आणि मध्ये एक बुटकी टेकडी. टेकडीवर कुंपणात दोन थडगी: १८४० मध्ये मेलेला जर्मन पंडित म्युलर आणि १८५९ मध्ये मेलेला फ्रेंच पुरातत्त्वज्ञ लेनोरमाँ. ग्रीसवर जीव टाकलेली माणसं. ईडिपसचं थडगं नाही, कारण ते कुठं आहे हे सांगायचंच नव्हतं.

नव्वदीला टेकलेल्या सोफोक्लीसनं ईडिपसला शेवटी स्वतःच्या गावात आणलं. नाटक रंगमंचावर आलं इ.स.पू. ४०१ मध्ये, तो गेल्यानंतर, नातवानं आणलं. त्यातला म्हातारा आंधळा ईडिपस वेगळंच बोलतो: ती कृत्यं मी केली नाहीत, ती मी सोसली. ‘हात माझाच’ म्हणणारा हाच का? दोन्ही त्याच कवीनं लिहिलंय. इथले लोक त्याला देवींच्या राईत पाणी आणि मध वाहायचा विधी शिकवतात, दारू अजिबात नाही, आणि परतताना मागं वळून बघायचं नाही. हे ऐकून शुभा म्हणाली, “आपल्यासारखंच.” मग तिला आठवलं की आपल्याकडं मध आहे.

तिनं पिशवी उघडली. बाटलीचं झाकण कुठंतरी गाडीत सैल झालं होतं. चिवड्याच्या पुडीचा लाडू झालेला, रुमाल चिकट, आणि पंचांग मधात भिजून विटेसारखं घट्ट. बाकावर बसून तिनं कंगव्याच्या दात्यानं पानं सोडवून बघितली. ऑक्टोबरची सुटली. पुढची सगळी एकमेकांना धरून बसली होती.

“निघायचं कधी चांगलं ते बघायचं होतं उद्या,” ती म्हणाली. शेजारच्या बाकावरचे दोन आजोबा फाशांचा डाव थांबवून तिच्याकडं बघत होते. तिनं आणखी एकदा कंगवा घातला, पान फाटलं, तेव्हा तिनं तो सोडून दिला आणि बोट चाटलं.

“मध चांगला आहे हो, वहिनी. विमान किती वाजता आहे आपलं?”